कॉलरबोनसाठी रोबो: टिरोबोट कुठे कामाचा, कुठे नुसता खर्चाचा

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कॉलरबोन खांद्याकडच्या टोकाला मोडलं असेल आणि सोबत खालचे लिगामेंटही (हाडांना एकमेकांशी बांधणारे बंध) तुटले असतील, तर टिरोबोटसारखी यंत्रणा खरोखर उपयोगी पडते. मधोमध दोनच तुकड्यांत मोडलेल्या हाडात ती चालते, पण तिच्यावाचून अडत नाही. मधल्या भागाचा चुरा झाला असेल तर तिला बाजूला ठेवावं आणि थेट प्लेट (स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) लावावी. तिन्ही निकालांमागे एकच कारण आहे. हे यंत्र दिशा देतं, हाड बसवून देत नाही. आणि कॉलरबोनच्या ऑपरेशनमध्ये सगळा घाम निघतो तो हाड बसवताना.

टिरोबोट हा बीजिंगच्या टिनावी कंपनीचा. तिथल्याच जिशुइतान हॉस्पिटलच्या सर्जनांसोबत तो घडवला गेला आणि तिसऱ्या पिढीच्या यंत्राला चीनच्या नियामकाची मंजुरी २०१६मध्ये मिळाली. २०१९मध्ये बीजिंगमध्ये बसून दुसऱ्या शहरांतल्या रुग्णांच्या मणक्यात ५जी जोडणीवरून स्क्रू बसवले गेले, ते याच यंत्राने. भाग तीन: चाकांच्या गाड्यावरचा सहा सांध्यांचा हात, इन्फ्रारेड कॅमेरा आणि आराखडा आखायचा संगणक. सोबत सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, लागतोच. मांडीच्या हाडाच्या मानेत स्क्रू घालायचे असतील तर दोन कोनांतल्या साध्या प्रतिमांवरही हे यंत्र चालतं. दोन दिशांना वळलेल्या कॉलरबोनला तेवढं पुरत नाही, तिथे गोल फिरून थ्रीडी प्रतिमा काढणारा सी-आर्मच हवा. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत साधा सी-आर्म असतो, थ्रीडीवाला क्वचित. म्हणजे खर्चाचा हिशेब रोबोच्या किमतीवर संपत नाही.

हाताच्या टोकाला ड्रिल नसतं, पोकळ स्लीव्ह, म्हणजे नळी असते. सर्जन संगणकावर रेघ आखतो, हात त्या रेघेवर येऊन थांबतो, आणि स्लीव्हमधून गाइड वायर (स्क्रूला वाट दाखवणारी बारीक तार) सर्जनच घालतो, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ड्रिलने. सुताराला पट्टी धरून देणाऱ्या मदतनिसाचं हे काम. फरक इतकाच की या मदतनिसाचा हात थरथरत नाही. अचूकतेचा दावा एक मिलिमीटरच्या आतला आहे. स्थिर वस्तूवर तो मान्य. पण श्वासागणिक हलणाऱ्या छातीवर, दोन तुकडे झालेल्या हाडावर तो आपोआप लागू होत नाही.

मुळात ऑपरेशन हवं का, हा प्रश्न रोबोच्या आधीचा. प्रौढांमधली साधारण ८० टक्के कॉलरबोन फ्रॅक्चर मधल्या तिसऱ्या भागात होतात, बहुतेक वेळा खांद्यावरच आपटल्याने: बाईक, सायकल, कबड्डी. तुकडे फारसे सरकले नसतील तर झोळी पुरते. मेडिकलमध्ये मिळणारा आठच्या आकाराचा क्लॅविकल ब्रेस झोळीपेक्षा सरस ठरलेला नाही, काखेत काचतो तेवढं मात्र नक्की. तुकडे एकमेकांना सोडून पूर्ण सरकले असतील तर चित्र बदलतं. कॅनडातल्या ऑर्थोपेडिक ट्रॉमा सोसायटीने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे १३२ रुग्ण होते. शेवटपर्यंत पाठपुरावा झालेल्यांमध्ये प्लेट लावलेल्या ६२ पैकी २ जणांचं हाड जुळलं नाही, झोळीतल्या ४९ पैकी ७ जणांचं. जुळायला लागलेला सरासरी काळ प्लेटच्या गटात १६.४ आठवडे, झोळीच्या गटात २८.४. दुसरीकडे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा २०१९चा कोक्रेन आढावा सांगतो की वर्षाच्या शेवटी खांद्याचं काम आणि वेदना यांत दोन्ही गटांत फारसं अंतर राहत नाही. यात विसंगती नाही. ज्याचं हाड झोळीत जुळतं त्याचं बहुधा बरंच चालतं. ऑपरेशनचा फायदा होतो तो न जुळणाऱ्यांना, आणि ते आधी नेमके ओळखता येत नाहीत. हाड २ सेंमीहून जास्त आखूड झालं असेल तर ऑपरेशनचा विचार गंभीरपणे होतो. त्वचेला आतून टोचणारं टोक, उघडी जखम किंवा रक्तवाहिनीला इजा असेल तर ऑपरेशन लागतंच, पण तिथे रोबोचं नावही काढू नये. तिथे घाई महत्त्वाची असते, आणि घाई या यंत्राला जमत नाही.

आता हाडाबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. प्रौढ माणसात कॉलरबोन साधारण १४ ते १५ सेंमी लांब. वरून पाहिलं तर छातीकडचा भाग पुढे फुगलेला आणि खांद्याकडचा मागे गेलेला. मांडीच्या हाडात असते तशी मोकळी पोकळी इथे नसते. जी काही असते ती मध्यावर सगळ्यांत अरुंद होते. हाडाच्या मागे आणि खाली सबक्लेव्हियन शीर, धमनी, हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं आणि फुप्फुसाचं टोक. छातीकडच्या भागात शीर हाडाच्या इतकी जवळ असते की तिथे मागच्या बाजूला तार एक सेंटिमीटर जास्त जाणं परवडत नाही. मोडल्यावर मानेचा स्नायू छातीकडचा तुकडा वर आणि मागे खेचतो, हाताचं वजन खांद्याकडचा तुकडा खाली आणि आत ओढतं. बसवलेलं हाड हात सोडला की पुन्हा निसटतं, ते यामुळे.

चीर लहान ठेवून आतून आधार देण्याची जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे टायटॅनियमचा लवचीक नेल (हाडाच्या आत घालायची सळई), ओटीच्या म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या भाषेत टेन. जाडी २ ते ३.५ मिमी. छातीच्या सांध्यापासून दीड सेंमी बाहेर छोटी चीर देऊन, हाडाच्या पुढच्या कठीण कवचाला भोक पाडून तो हाताने फिरवत आत सरकवतात. तो लवचीक असल्याने हाडाच्या वळणाप्रमाणे स्वतःच वळत जातो. त्याला सरळ रेघ लागत नाही, म्हणून रोबोही लागत नाही. रोबोला फक्त सरळ रेघ कळते. त्यामुळे रोबोसोबत वापरायचा तो मधून पोकळ असलेला कॅन्युलेटेड स्क्रू, साधारण ४.५ ते ६.५ मिमी जाडीचा. खांद्याकडच्या भागात मागच्या बाजूने शिरायचं, फ्रॅक्चर ओलांडायचं आणि छातीकडच्या तुकड्यात आटे रुतवायचे. वळलेल्या हाडात सरळ स्क्रू पूर्ण आत राहील अशी रेघ फार थोड्या जागेत बसते. साध्या सी-आर्मवर ती अंदाजाने शोधावी लागते आणि चार वेळा तार बाहेर काढावी लागते. थ्रीडी आराखड्यात ती समोर दिसते. मधल्या फ्रॅक्चरमध्ये यंत्राचा खरा फायदा एवढाच आहे, पण तो खोटा नाही.

ओटीतली तयारी सविस्तर सांगायला हवी, कारण यश-अपयश बहुतेक तिथेच ठरतं. टेबल कार्बनचं, मधे लोखंडी पट्टी नसलेलं. रुग्ण उताणा, खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधे घडी केलेली चादर, दुखऱ्या बाजूचा खांदा टेबलाच्या अगदी कडेला. स्क्रू मागून शिरणार असल्याने स्लीव्हला खांद्यामागे जागा लागते. खांदा गादीवर टेकलेला राहिला तर रोबोचा हात गादीला अडतो आणि मग सगळं ड्रेपिंग (निर्जंतुक कापडं घालणं) पुन्हा. डोकं विरुद्ध बाजूला वळवून पट्टीने बांधावं, श्वासाची नळी आणि भुलेचं मशीनही त्याच बाजूला. रुग्णाला खुर्चीसारखं अर्धवट बसवून प्लेटचं ऑपरेशन छान होतं, पण थ्रीडी सी-आर्मची फेरी त्या स्थितीत टेबलाला धडकते. म्हणून ड्रेपिंगच्या आधी सी-आर्म एकदा पूर्ण फिरवून बघावा. हे दोन मिनिटांचं काम टाळल्याचा पश्चात्ताप पुढे अर्धा तास पुरतो.

भूल पूर्ण द्यावी. मानेतला ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) वेदनेसाठी उत्तम, पण एकट्या ब्लॉकवर हे ऑपरेशन करू नये: रुग्ण हलतो, आणि त्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल काही तास ढिला पडतो. शिवाय स्कॅन चालू असताना श्वास थांबवावा लागतो, तो जागा माणूस अर्धा ते एक मिनिट थांबवून धरेलच असं नाही.

मग हाड बसवणं. ते स्कॅनच्या आधी झालं पाहिजे, नंतर नाही. प्रत्येक तुकड्यात २ ते २.५ मिमीची एकेक के-वायर (टोकदार, गुळगुळीत तार) दांडीसारखी घालून तुकडे फिरवतात, किंवा छोट्या छिद्रांतून टोकदार क्लॅम्प लावतात. वायर घालताना विरुद्ध बाजूचं कवच लागेल तिथे थांबायचं, पलीकडे जायचं नाही. पलीकडे काय आहे ते वर आलंच आहे. दोन-तीन प्रयत्नांत बंद पद्धतीने बसलं नाही तर २ ते ३ सेंमी चीर देऊन उघड्यावर बसवावं आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. टेनच्या ऑपरेशनमध्येही बऱ्याच वेळा हेच करावं लागतं. हाड बसलं की एका बारीक वायरने ते तात्पुरतं धरून ठेवायचं. इथे नवख्यांची हमखास चूक होते. ती वायर नेमकी पोकळीच्या मधून जाते आणि मग स्क्रूच्या रेघेवरच बसलेली असते. तिला खालच्या किंवा पुढच्या कवचातून तिरकं न्यावं. क्लॅम्प तसाच ठेवून स्कॅन करता येतो, पण धातूची चमक प्रतिमेत पसरते आणि नेमकं फ्रॅक्चरजवळचं काही दिसेनासं होतं.

त्यानंतर ट्रॅकर, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा. परावर्तक गोळ्या लावलेला हा छोटा सांगाडा हाडाला घट्ट बसवतात. कॅमेरा त्याच्याकडे बघून रुग्ण कुठे आहे ते ठरवतो. मणक्यात तो मागच्या काट्याला लागतो, कमरेत इलियम या हाडाच्या कडेला. दोन्ही जागा भक्कम. कॉलरबोनला तशी जागा नाही. छातीच्या हाडावर लावला तर कॉलरबोन त्याच्याशी सांध्याने जोडलेलं, म्हणजे खांदा हलला की हिशेब चुकला. पात्याच्या ॲक्रोमियन टोकावर लावला तर तीच अडचण दुसऱ्या बाजूने. कॉलरबोनच्याच तुकड्यावर लावला तर पिन जाड, हाड बारीक, आणि दुसरा तुकडा हलला तर कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. आमच्या मते मधल्या फ्रॅक्चरमध्ये स्क्रू ज्या तुकड्यातून शिरणार आहे, म्हणजे खांद्याकडच्या, त्यावर ट्रॅकर लावणं सगळ्यांत कमी वाईट. अट एकच, दोन तुकडे तात्पुरत्या वायरने खरोखर एक झालेले असावेत. ट्रॅकर लावल्यावर बोटाने हलवून बघा. तो हलला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

स्कॅनच्या वेळी रोबोच्या हातावर धातूचे ठिपके असलेली पट्टी लावून ती फ्रॅक्चरच्या जवळ आणतात. ठिपके प्रतिमेत आले तरच संगणकाला प्रतिमा आणि रुग्ण यांची सांगड घालता येते. आता एक भूमितीची अडचण. सीमेन्सच्या आर्कॅडिस ऑर्बिकसारख्या जुन्या थ्रीडी सी-आर्मची प्रतिमा १२ सेंमीच्या घनाएवढी असते आणि हाड १४-१५ सेंमीचं. अख्खं कॉलरबोन एका स्कॅनमध्ये मावत नाही. केंद्र फ्रॅक्चरवर न ठेवता फ्रॅक्चर आणि खांद्याकडचा प्रवेशबिंदू यांच्या मधे ठेवावं. छातीकडचं टोक कापलं गेलं तर चालतं, स्क्रू तिथवर न्यायचाच नसतो. प्रवेशबिंदू कापला गेला तर दुसरा स्कॅन, म्हणजे दुप्पट किरणं. नव्या यंत्रांत घन १६ सेंमीपर्यंत गेला आहे, तिथे हा प्रश्न बराच सुटतो.

आराखड्यात स्क्रूचा खरा व्यास घाला. नुसती गाइड वायरची रेघ आखली तर ती पोकळीत सुंदर बसलेली दिसते आणि प्रत्यक्ष स्क्रू मध्यावर मागचं कवच फोडतो. तिन्ही प्रतलांत रेघ शेवटपर्यंत सरकवत बघा, मध्याच्या वळणावर थांबून बघा. आटे पूर्णपणे फ्रॅक्चरच्या पलीकडे गेले पाहिजेत. अर्धे अलीकडे राहिले तर स्क्रू तुकडे जवळ आणण्याऐवजी त्यांच्यातली फट तशीच धरून ठेवतो. तिरक्या फ्रॅक्चरमध्ये उलटा धोका असतो. जोरात आवळलं की तुकडे एकमेकांवर घसरतात आणि हाड आखूड होतं. तिथे आवळायचं ते फक्त टेकेपर्यंत.

हात जागेवर आला की १ सेंमी चीर, आर्टरी फोर्सेप्सने (बोथट टोकाच्या चिमट्याने) स्नायू हाडापर्यंत बाजूला करायचे आणि स्लीव्ह हाडाला टेकवायची. ही पायरी घाईत उरकली तर स्नायूंचा दाब स्लीव्हला वाकवतो आणि रोबोने जपलेला मिलिमीटर तिथेच जातो. प्रवेशाची जागा उताराची आहे. तार टोकाला घसरते, आणि घसरली तरी पडद्यावर रेघ बरोबरच दिसत राहते, कारण पडद्याला स्लीव्ह दिसते, तारेचं टोक दिसत नाही. उपाय जुनाच: ड्रिल हाडाला लागण्याआधी पूर्ण वेगात फिरू द्या, पहिले काही मिलिमीटर जवळपास न दाबता जाऊ द्या. ४.५च्या स्क्रूची तार १.६ मिमीच्या आसपास असते. ती कठीण कवचाला आतून लागली की वाकून त्याच्याच कडेने पुढे जाते. ६.५च्या स्क्रूची २.८ मिमीची तार तशी वागत नाही, पण बारीक हाडाच्या स्त्रियांमध्ये एवढा जाड स्क्रू बसत नाही. म्हणून तार अर्धी गेल्यावर साध्या सी-आर्मवर दोन कोनांत बघणं टाळू नये, एक समोरून आणि एक खालून वर तिरका. रोबोवर विश्वास ठेवून हे बघणं सोडणारा सर्जन रुग्णाला धोक्यात घालतो.

बाकीचे बिघाड छोटे पण नेहमीचे. मदतनिसाचं डोकं कॅमेऱ्याच्या आड येतं. परावर्तक गोळीवर रक्ताचा थेंब पडतो आणि यंत्र थांबतं. स्कॅननंतर कुणीतरी हात सरळ करतो आणि सांगड मोडते. शेवटचा प्रकार वाईट, कारण यंत्र त्याबद्दल काहीच सांगत नाही. ट्रॅकरच्या तुकड्यापुरतं त्याचं गणित अजून बरोबर असतं.

आता खांद्याकडचं टोक. नीअरच्या वर्गीकरणातला दुसरा प्रकार: कॉलरबोनला पात्याच्या कोराकॉइड नावाच्या हुकाशी बांधणारे लिगामेंट तुटलेले किंवा वरच्या तुकड्यापासून सुटलेले, आणि तुकडा वर उचललेला. झोळीत हे हाड बऱ्याचदा जुळत नाही. हुक प्लेट लावली तर काम होतं, पण तिचा हुक ॲक्रोमियन आतून झिजवतो आणि ती काढावीच लागते. दुसरा मार्ग म्हणजे कॉलरबोन आणि कोराकॉइड या दोन्हींतून साधारण ४ मिमीचा एकच बोगदा पाडून बटणं आणि मजबूत दोऱ्याने ते बांधणं. अडचण कोराकॉइडची. ते लहान आहे, खोल आहे, आणि बोगदा मधोमध न जाता कडेने गेला तर बटणासकट मोडतं. आतल्या बाजूला सरकला तर पुढे नसांचं जाळं आणि धमनी. हाताने हे करायला दुर्बीण तरी हवी किंवा बरीच मोठी चीर. रोबोने सरळ रेघ वरून खाली, दोन हाडांतून, कोराकॉइडच्या बुडाशी मधोमध आखता येते, आणि रेघ लहान असल्याने तार वाकायला वाव मिळत नाही. यंत्राला जे येतं आणि ऑपरेशनला जे लागतं ते इथे जुळतं. चीनमध्ये कोराकॉइडचं फ्रॅक्चर आणि ॲक्रोमियोक्लॅविक्युलर सांधा निखळणं यांच्यावर टिरोबोटने केलेलं ऑपरेशन प्रसिद्धही झालेलं आहे. एकच काळजी: कॉलरबोन आणि पातं ही दोन वेगळी हाडं आहेत, त्यामुळे कॉलरबोन खाली दाबून जागेवर आणून ॲक्रोमियनमधून एक के-वायर घालून दोन्ही एक करावीत आणि मगच स्कॅन घ्यावा. शेवटी ही वायर काढायची विसरू नये. या भागात राहिलेल्या गुळगुळीत वायरी सरकत फुप्फुसापर्यंत, अगदी हृदयापर्यंत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

छातीकडच्या टोकाला मात्र, जिथे शीर हाडाच्या अगदी जवळ असते, कुणी 'मिनिमली इनव्हेजिव्ह' म्हणून रोबो सुचवला तर दुसरं मत घ्या.

पर्यायांशी तुलना केली तर मधल्या साध्या फ्रॅक्चरमध्ये रोबोची खरी स्पर्धा टेनशी आहे. टेनला साधा सी-आर्म पुरतो आणि यंत्राच्या तयारीला लागणाऱ्या वेळात सरावाचा सर्जन नेल घालून टाके घालायला घेतो. टेनचे तोटे: छातीकडचं टोक त्वचेला टोचतं, नेल बाहेर सरकतो, चुरा असलेल्या हाडात तुकडे एकमेकांत शिरून आखूड होतात, आणि जुळल्यावर नेल बहुतेकदा काढावा लागतो. आटे असलेला स्क्रू सहसा सरकत नाही, ही त्याची जमेची बाजू. प्लेटचा व्रण ८-१० सेंमीचा, त्वचेच्या नसा दुखावल्याने व्रणाखालची त्वचा बधिर राहू शकते, आणि सडपातळ माणसाला बॅगेचा पट्टा प्लेटवर टोचतो. पण चुरा असलेल्या हाडाची लांबी राखायला प्लेटला तोड नाही. आणि एक स्वस्त पर्याय आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही, असं वाटतं: सीटी स्कॅनवरून, चांगल्या बाजूचं आरशातलं रूप घेऊन हाडाची थ्रीडी प्रिंट काढायची आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्लेट त्यावर वाकवून निर्जंतुक करून ठेवायची. ओटीत वाकवण्याचा वेळ वाचतो आणि प्लेट हाडाला चपखल बसते. थ्रीडी सी-आर्मच्या खर्चाशी याची तुलनाच होत नाही.

पुराव्याबाबत सरळ सांगायचं तर टिरोबोटचा भक्कम पुरावा मणक्यातला आहे. चीनमधल्या २३४ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पूर्णपणे हाडाच्या आत राहिलेले स्क्रू रोबोच्या गटात ९५.३ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत ८६.१. हे आकडे कॉलरबोनच्या जाहिरातीत वापरलेले दिसले तर ते मणक्याचे आहेत हे लक्षात ठेवा. मणक्यात हाड मोडलेलं नसताना, भक्कम ट्रॅकर लावून स्क्रू घातला जातो. परिस्थितीच वेगळी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे 'रोबोटिक ऑर्थोपेडिक्स' अशी पाटी दिसते तिथे बहुतेक ठिकाणी गुडघेबदलाचा रोबो असतो: माको, रोझा, कोरी, क्युव्हिस. ती यंत्रं सांध्याचं हाड कापायला मदत करतात, कॉलरबोनमध्ये तार घालायला नाही. दा विंची हा पोटातल्या आणि छातीतल्या मऊ अवयवांच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेला रोबो. म्हणून कुणी कॉलरबोनसाठी रोबो सुचवला तर यंत्राचं नाव विचारा, थ्रीडी सी-आर्म आहे का ते विचारा, ट्रॅकर कुठल्या हाडावर लावणार ते विचारा आणि बंद पद्धतीने हाड बसलं नाही तर पुढची योजना काय तेही. शेवटच्या दोन प्रश्नांना चटकन उत्तर आलं तर समोरच्याने हे ऑपरेशन केलेलं आहे. उत्तर ब्रोशरमधून आलं तर साधा टेन किंवा प्लेट त्याच हाताने जास्त चांगली होईल.

विम्याचं आधी बघून घ्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'रोबोटिक सर्जरी' आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्यामुळे पॉलिसीत ती सरसकट वगळता येत नाही; पण त्यावर मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत अशा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. गंमत अशी की तेच फ्रॅक्चर प्लेटने जोडलं तर ही मर्यादा लागत नाही. पूर्वमंजुरीच्या अर्जात ऑपरेशनचं नाव 'रोबोटिक' असं जाणार आहे का, हे हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कला (विम्याचे दावे बघणाऱ्या टेबलाला) भरती होण्याआधीच विचारा.

ऑपरेशननंतरचे नियम रोबोमुळे बदलत नाहीत. हाड आपल्याच गतीने जुळतं. झोळी दोन ते चार आठवडे, कोपर आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, वाकून हात लोलकासारखा झुलवायचा व्यायाम दुखणं सोसेल तसा लवकर. हात खांद्याच्या वर नेणं साधारण सहा आठवडे टाळायचं, कारण तेव्हा कॉलरबोन स्वतःभोवती फिरतं आणि एकटा स्क्रू त्या पिळाला फारसा विरोध करत नाही, प्लेट करते. घरी आल्यावर चीर लहान दिसते म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात बाईक काढतात. आतलं फ्रॅक्चर चिरेच्या आकाराने लवकर जुळत नाही. तंबाखू आणि सिगरेट या काळात बंद, त्याने जुळणं खरोखर लांबतं. एक्स-रे सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला. स्क्रूच्या टोकाभोवती काळी कडा दिसू लागली किंवा खांद्यामागे नवा उंचवटा हाताला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

डिस्चार्जच्या कागदांत स्क्रूचं स्टिकर लावलेलं आहे ना, ते बघा: कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. स्क्रू काढायची वेळ आली तर त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि त्यातून जाणारी गाइड वायर लागते. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनला ते माप एक्स-रेवरून नेमकं ओळखता येईलच असं नाही.